फौजी आजोबांची ट्रंक उघडण्याआधी: पदकं, पत्रं आणि गणवेश घरी कसे जपावेत

घर बदलायची वेळ येते किंवा घरातला माजी सैनिक जातो, आणि माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. पुढे काय होतं ते बहुतेक घरांत सारखंच असतं. पदकं घासून लख्ख केली जातात. पिवळी पडलेली पत्रं लॅमिनेशनला जातात. गणवेश धुऊन, कडक इस्त्री करून हँगरला लागतो आणि फोटो अल्बममधून ओढून काढले जातात. सगळं प्रेमापोटीच चालतं, पण ट्रंकेत पन्नास वर्षांत झालं नसेल एवढं नुकसान त्या एका दुपारी होतं.

चूक क्रमाची असते. वस्तूची नोंद व्हायच्या आधीच ती ‘नीट’ करायला घेतली जाते. आधी नोंद, मग ज्याची वस्तू आहे त्याचं बोलणं, मग अगदी जुजबी सफाई, मग साठवण आणि भिंतीवरची फ्रेम सगळ्यात शेवटी, असा क्रम हवा.

‘सरकारी दफ्तरात सगळं असेलच’ या भरवशावरही राहू नका. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवानोंदींपैकी सुमारे ६० टक्के सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेल्या. अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत अंदाजे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. अशा कित्येक माणसांच्या सेवेचा उरलेला पुरावा कुणाच्या तरी घरातल्या पेटीतच आहे.

तयारी: हाताशी काय हवं

एक मोठं टेबल रिकामं करा. त्यावर रंग न दिलेली पांढरी सुती चादर अंथरा. नवी असेल तर खळ निघून जाईपर्यंत दोनदा धुऊन घ्या. टेबलावर चहा नको, पाण्याचा तांब्या नको आणि पेनही नको. लिहायला फक्त मऊ पेन्सिल, २बी.

याशिवाय लागणाऱ्या वस्तू:

- नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे, धातू आणि फोटोंसाठी. कागद मात्र स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, उघड्या हातांनीच हाताळा. सुती हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि फाटक्या कडा धाग्यात अडकतात.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सेंटिमीटरची पट्टी आणि रंगकामाचा मऊ, कोरा ब्रश.
- आम्लमुक्त टिश्यू कागद आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेट्या.
- पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची पारदर्शक पाकिटं.
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र.

सावधान: पाकिटं घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी आहे. पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडतं. त्यात ठेवलेल्या ब्राँझच्या पदकावर काही वर्षांत हिरवा, चिकट थर येतो आणि फोटो पाकिटालाच चिकटून बसतो. स्टेशनरीच्या दुकानातले स्वस्त अल्बम बहुधा याच जातीचे असतात.

पायरी १: धोक्याच्या वस्तू आधी ओळखा

युद्धावरून आठवण म्हणून आणलेल्या वस्तू निकामी केलेल्या असतीलच असं नाही. काडतूस, हातबॉम्ब, तोफगोळ्याचा फ्यूज असं काही दिसलं तर उचलू नका, हलवू नका आणि ‘जिवंत आहे का’ हे पाहायलाही जाऊ नका. खोली रिकामी करा आणि पोलिसांना कळवा. वयानुसार स्फोटकं मवाळ होत नाहीत, काही तर जास्त संवेदनशील होतात.

दोन धोके फारसे कुणाच्या ध्यानात येत नाहीत. अंधारात चमकणारी जुनी घड्याळं आणि होकायंत्रं यांच्या तबकडीवर रेडियमचा रंग असू शकतो. तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सार थांबत नाही. अशा वस्तूची काच उघडू नका. दुसरा धोका गॅस मास्कचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक मास्कच्या गाळणीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तो तोंडाला लावून पाहायचा मोह मुलांना हमखास होतो, म्हणून आधीच पिशवीत बंद करून बाजूला ठेवा.

पायरी २: जागचं काही हलवण्याआधी नोंद

झाकण उघडल्यावर पहिला फोटो आतल्या वस्तू होत्या तशाच असताना काढा. वरचा थर काढला की पुन्हा एक. कुठलं पत्र कुठल्या पदकाच्या डबीत घडी करून ठेवलं होतं, कुठला फोटो गणवेशाच्या कुठल्या खिशात होता, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते आणि ती एकदाच मिळते. पत्रं गठ्ठ्यात ज्या क्रमाने बांधली होती तो क्रम लगेच मोडू नका. तारखेप्रमाणे लावायचा उत्साह आवरा. तारखेचा क्रम यादीत कधीही लावता येतो, गठ्ठ्याचा मूळ क्रम पुन्हा मिळत नाही.

एक जाड वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक: प-१, प-२ (पदकं), क-१, क-२ (कागद), ग-१ (गणवेश). प्रत्येक नोंदीत या गोष्टी हव्यात: काय आहे, माप, त्यावरचा सगळा मजकूर अक्षर न अक्षर, आत्ताची अवस्था, ट्रंकेत कुठे होती आणि माहिती कुणी दिली. शेवटची बाब सगळे गाळतात. ‘हे पदक १९७१ चं’ हे पदकावर लिहिलेलं आहे, की आत्या म्हणाल्या, की तुम्ही अंदाज केलात? तिन्हींसाठी वेगळ्या खुणा ठरवा. असं केलं नाही तर दहा वर्षांनी अंदाजाचाच दाखला होतो.

क्रमांक वस्तूवर चिकटवू नका. कागदाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने, कडक पृष्ठावर ठेवून, हलक्या हाताने लिहा. गणवेशाला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. पदकाचा क्रमांक त्याच्या पाकिटावर लिहा.

तपासा: वही घेऊन दुसऱ्या कुणाला तरी एखादी वस्तू शोधायला सांगा. न विचारता सापडली तर नोंद पुरेशी आहे.

पायरी ३: ज्याचं आहे, त्याला बोलतं करा

माजी सैनिक हयात असतील तर ही पायरी पुढच्या सगळ्यांपेक्षा तातडीची आहे. धातू आणखी दहा वर्षं थांबेल, माणसाचं तसं नाही. ते नसतील तर पत्नी, भावंडं, त्यांच्या तुकडीतले सोबती यांच्याकडे जा.

आधी परवानगी घ्या, तीही लेखी. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, ते बाहेर द्यायचं की घरातच ठेवायचं, एखादा भाग इतकी वर्षं बंद ठेवायचा का, हे साध्या शब्दांत लिहा. बोलणं झाल्यावर हाच कागद पुन्हा दाखवा. बोलण्याच्या ओघात माणूस असं काही सांगून जातो, जे नंतर नको वाटतं. ते काढून टाकायचा हक्क त्यांचा आहे. तुकडीच्या अलीकडच्या कामाबद्दल किंवा ठिकाणांबद्दल ते थांबले तर खोदून विचारू नका. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीने संपत नाही.

आवाजासाठी:

- खोलीतला पंखा बंद ठेवा. फ्रिज शेजारी नको, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळही दुसऱ्या खोलीत न्या.
- माईक तोंडापासून एक वीतभर. मोबाइलवर करत असाल तर एअरप्लेन मोड लावा.
- डब्ल्यूएव्ही स्वरूप, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला सुमारे १ जीबी जागा लागते, ती आधी मोकळी आहे का ते पाहा.
- अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका. ही चाचणी टाळली की हटकून त्याच दिवशी घोळ होतो.
- सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा. फाइलचं नाव हरवलं तरी हे हरवत नाही.

बैठक पाऊण ते एक तासाची. वस्तू टेबलावर ठेवूनच बोला. ‘युद्धाबद्दल काही सांगा’ म्हटलं की पाठ झालेलं भाषण येतं. बेल्टचं बक्कल हातात देऊन ‘हे रोज कुठे बसून चमकवायचात?’ विचारलं की बराकीतली सकाळ सुरू होते. पत्र वाचून दाखवा. त्यात ‘इकडे सर्व ठीक’ लिहिलेलं असतंच. मग विचारा: ‘त्या आठवड्यात खरं काय चाललं होतं?’ पत्रं तपासणाऱ्या लष्करी सेन्सॉरच्या धाकाने आणि घरच्यांच्या काळजीपोटी जे लिहिलं गेलं नाही, ते तिथे निघतं.

‘भीती वाटली का?’, ‘किती जणांना मारलं?’ असे प्रश्न नकोत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ येतं आणि दुसऱ्यानंतर बैठक संपते. उत्तर थांबलं तर आठ-दहा सेकंद गप्प बसा. मुलाखत घेणारेच घाईने पुढचा प्रश्न टाकतात आणि नेमकं येणारं वाक्य आत राहतं.

सावधान: श्वास जलद होणं, हात थरथरणं, एकच वाक्य पुन:पुन्हा येणं, नजर एका जागी खिळणं यातलं काही दिसलं तर रेकॉर्डिंग थांबवा. कठीण प्रसंगावर बैठक संपवून निघून जाऊ नका. आजच्या दिवसाकडे, नातवंडांकडे, बागेकडे बोलणं वळवा आणि थोडा वेळ सोबत बसा. तारीख किंवा नाव चुकलं तर तिथेच दुरुस्त करू नका. वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा.

पायरी ४: पदकं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

आधी भिंग घेऊन पदकाची कड पाहा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या (चांदी) आणि व्हिक्टरी मेडलच्या (ब्राँझ) कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. १९१४-१५ स्टारवर (ताऱ्याच्या आकाराचं पदक) हीच माहिती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धातले स्टार ब्रिटनने आपल्या सैनिकांना नाव न घालता दिले, पण भारतीय, ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकी सैनिकांच्या पदकांवर नाव घातलं गेलं. अक्षरं एक-दीड मिलिमीटरची असतात. पॉलिशचा प्रत्येक हात धातूचा एक पातळ थर घेऊन जातो आणि उंचावरची नक्षी व कडेवरची अक्षरं सगळ्यात आधी झिजतात. लख्ख, पण निनावी झालेली पदकं अशीच तयार होतात. ते नाव परत आणता येत नाही.

म्हणून लिंबू, चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पूड, ‘चांदी चमकवणारं’ द्रावण यांतलं काहीही नको. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो दिसायला मळकट, पण स्थिर असतो. सैनिकाने स्वतः हयातभर घासून चमकवलेलं पदक असेल तर ती झीजही त्याच्या सेवेचा भाग आहे. तीत तुम्ही भर घालायची गरज नाही.

करायचं ते एवढंच: हातमोजे घाला, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि कापडावर ठेवा. घामातल्या क्षारांमुळे बोटाचा ठसा धातूत कोरला जातो, म्हणून हातमोजे.

हिरवा रंग दिसला तर तो कुठला ते ओळखा:

- गुळगुळीत, गडद, धातूत मुरलेला: जुनी, स्थिर छटा. हात लावू नका.
- मेणासारखा, कडांना साचलेला: चामड्याच्या, तेलाच्या किंवा पीव्हीसीच्या संपर्काने आलेला. लाकडी दातकोरणीने कोरडाच अलगद काढा. सुई किंवा ब्लेड नको.
- फिकट हिरव्या पुडीचे ठिपके, झटकले की पुन्हा येणारे: क्षारांमुळे आतून चाललेली झीज. हे पदक लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलसह (ओल शोषणारे दाणे) हवाबंद डब्यात आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि धातुसंवर्धकाला दाखवा.

मिना केलेली, सोन्याचा मुलामा असलेली पदकं ओल्या कापडानेही पुसू नका. मिन्याच्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरतं आणि तुकडा उडतो.

फीत फिकी पडली, विरली म्हणून बदलू नका. प्रदर्शनासाठी नवी लावावीच लागली तर जुनी त्याच क्रमांकाच्या पाकिटात राहू द्या. सगळी पदकं एका पट्टीवर ओळीने शिवलेली असतील तर शिवण उसवू नका. तो क्रम आणि ती शिवण मूळ आहे. अनेक देशांत मानाचं पदक छातीच्या मध्याजवळ असतं, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पहिलं. फ्रेम करणारा ‘उठून दिसावं’ म्हणून मोठं पदक मधोमध लावतो, त्याला आधीच फोटो देऊन ठेवा.

एक पोटविषय: वारसांनी पदकं घालावीत का? ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात स्मृतिदिनी कुटुंबीय ती उजव्या छातीवर घालतात, कारण डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची. कॅनडात दुसऱ्याची पदकं घालणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्या देशाचा नियम सैनिक कल्याणाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

पायरी ५: पत्रं आणि कागद

घडी उघडताना कागद कुरकुरला तर थांबा. जबरदस्तीने सपाट केलेला कागद घडीवरच तुटतो. सहज उघडतील तेवढीच पत्रं उघडा, दोन कोऱ्या शोषक कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा आणि रात्रभर राहू द्या. इस्त्री नको, वाफ तर मुळीच नको.

वाफेला विरोध का, ते एका शाईवरून कळेल. आघाडीवर शाईची दौत बाळगणं अवघड, म्हणून पहिल्या महायुद्धातली बरीच पत्रं कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली असतात. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते. पाण्याचा थेंब पडला की ती जांभळी होऊन पसरते. दमट बोट लागलं तरी अक्षराभोवती जांभळी छटा उमटते. अशा एखाद्या पत्राला वाफ दिली तर दोन मिनिटांत मजकुराचा डाग होतो. जुनी तपकिरी पडलेली शाई दिसली तर तिथेही सांभाळा. लोहयुक्त शाई कागद खात जाते आणि अक्षराच्या जागी भोक पडतं.

टाचण्या आणि स्टेपल काढताना खाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सरकवा, पिनेची टोकं मागून सरळ करा आणि मग ओढा. रबरबँड वितळून चिकटला असेल तर मोकळा भाग कापा, चिकटलेला तसाच राहू द्या.

लिफाफा फेकू नका आणि त्यावरचं तिकीट कापून कुणाच्या संग्रहाला देऊ नका. सैनिकाने पत्रात ठिकाण लिहिलेलं नसतं. फील्ड पोस्ट ऑफिसचा (आघाडीवरच्या लष्करी टपाल कार्यालयाचा) क्रमांक, शिक्क्यावरची तारीख आणि सेन्सॉरची खूण यांवरूनच तुकडी कुठे होती ते शोधता येतं, आणि हे तिन्ही लिफाफ्यावर असतात. पत्र आणि लिफाफा एकाच पाकिटात, पण पत्र लिफाफ्याबाहेर काढून ठेवा.

सावधान: लॅमिनेशन परतवता येत नाही. उष्णतेने वितळलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं झाकतो. फाटलेला कागद दोन तुकड्यांतच पाकिटात ठेवा, तो तसाही सुरक्षित असतो.

पायरी ६: फोटो

कडांना धरा. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढून उठाव दिसतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा धागा मागून करवतीसारखा फिरवून पाहा. तरीही अडला तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो कधीच सोलू नका, काचेसकट जपा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती विघटित होतेय. तिला वेगळी ठेवा आणि तिचं स्कॅनिंग आधी करा.

पायरी ७: गणवेश, टोपी, चामडं

पहिलं काम खिसे. प्रत्येक खिशातली वस्तू वेगळ्या पाकिटात, ‘डावा वरचा खिसा’ अशा चिठ्ठीसह. तिकिटाचा तुकडा, विडीची पेटी, मण्याची माळ, काहीही असो, ते ‘कचरा’ ठरवायची घाई नको.

धुऊ नका. चिखलाचा, घामाचा, रक्ताचा डाग हा मळ नसून नोंद आहे. शिवाय पट्ट्यांचा लाल-निळा रंग खाकीत उतरतो आणि अस्तर वेगळ्या प्रमाणात आटतं. ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका. धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, ताकद सगळ्यात कमी ठेवा आणि कापडापासून बोटभर उंचीवरून फिरवा.

बटणं पॉलिश करू नका, पॉलिशचा पांढरा कंगोरा कापडावर कायमचा बसतो. फौजेत यासाठी बटणामागे सरकवायची खाच पाडलेली पितळी पट्टी असायची. ट्रंकेत अशी लांबट, गूढ पट्टी सापडली तर ती हीच, टाकू नका.

घालून पाहू नका. आजोबांचा कोट नातवाला घालून फोटो काढताना काखेतली शिवण पहिल्यांदा जाते.

शक्यतो सपाट पेटीत ठेवा. बाह्यांत आणि प्रत्येक घडीत टिश्यूची गुंडाळी भरा, म्हणजे घडीला धार येत नाही. वर्षातून एकदा घडीची जागा बदला. चामड्याचा पट्टा, बूट यांना तेल किंवा पॉलिश नको, नुसता टिश्यू भरा. चामडं गणवेशापासून वेगळं ठेवा.

कसर लागल्याची शंका असेल, म्हणजे बारीक भोकं, जाळीदार कोश, वाळूसारखी विष्ठा दिसली, तर गणवेश पॉलिथिलीनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड सील करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. फोटो, मिन्याची पदकं आणि काच यांना ही रीत लावायची नाही.

डांबराच्या गोळ्या कपड्याला लागून ठेवू नका. त्यांची वाफ माणसाला चांगली नाही आणि त्यांनी प्लॅस्टिकची बटणं मऊ पडतात.

पायरी ८: स्कॅन आणि प्रती

पत्रं ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), लहान फोटो ६००. कृष्णधवल दिसलं तरी रंगीतच स्कॅन करा. कागदाचा पिवळेपणा, शाईची छटा, सेन्सॉरची निळी रेघ त्यातच कळते. टिफ (TIFF) स्वरूपात साठवा. ए४ आकाराचं एक पान ४०० डीपीआयला साधारण ४६ एमबी होतं. मागची कोरी बाजूही घ्या, ती खरंच कोरी होती हे नंतर कळायला हवं. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात पत्र घालू नका. काचेवर द्रव फवारू नका, कापडावर घेऊन पुसा.

फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकानेच: क-१४-पान-१, क-१४-पान-२. मजकुराचं टंकलेखन करताना सैनिकाचं शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हाने दाखवा.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. पाठवण्यासाठी जेपीजी वेगळे करा, मूळ टिफला हात नको.

पायरी ९: ठेवायची जागा

माळा नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना लागून असलेली भिंत नको, बाहेरची पावसाची भिंतही नको. घराच्या आतल्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून वीतभर वर. कागद, कापडासाठी आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, पण दिवसाला वर-खाली होणं वाईट. धातू वेगळ्या पेटीत, सिलिका जेलसह. लोकर, नमदा, ओकचं लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) यांतून निघणारे वायू धातू खराब करतात. दुकानातल्या मखमली डब्या यासाठीच टाळा.

तपासा: दर सहा महिन्यांनी पेटी उघडा. वास, भुसा, नवा हिरवा ठिपका पाहा. आर्द्रतेचा आकडा वहीत लिहा आणि एखादी फाइल उघडून पाहा.

पायरी १०: भिंतीवर मांडायचंच असेल तर

पत्र आणि फोटो यांची रंगीत प्रत लावा, मूळ पेटीत. पाहणाऱ्याला फरक कळत नाही, उन्हाला मात्र कळतो. प्रकाशाचं नुकसान साठत जातं, दिवे बंद करून ते भरून येत नाही. मूळ फीत किंवा गणवेश लावायचाच असेल तर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास मंद उजेड, खिडकीसमोर नाही, आणि वर्षातून काही महिनेच. काच वस्तूला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. पदकाला मागून गोंद लावणारा फ्रेमवाला टाळा. पदक सुती दोऱ्याने कडीतून बांधता येतं.

फ्रेमखालच्या पाटीवर वहीत पुराव्याची खूण असलेलीच माहिती घाला. महायुद्धांत कॉमनवेल्थ सैन्यात (ब्रिटन आणि भारतासह त्याच्या साम्राज्यातले देश) प्राण गमावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत शोधता येतात. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथे आहेत. नावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारांनी घालून पाहा, नाहीतर सेवा क्रमांकावरून खात्री करा.

पायरी ११: पुढे कुणाकडे

‘मोठ्याकडे पदकं, धाकट्याकडे पत्रं, मुलीकडे फोटो’ ही वाटणी न्याय्य दिसते आणि संच कायमचा फोडते. मूळ संच एका घरी, प्रत्येकाला स्कॅनची पूर्ण प्रत, आणि त्यानंतर कुणाकडे जाणार हे आत्ताच कागदावर.

संग्रहालयाला द्यायचं असेल तर आधी यादी आणि फोटो पाठवा, वस्तू घेऊन दारात उभं राहू नका. त्यांना विचारा: संच एकत्र राहील का, कुटुंबाला पाहता येईल का, नको असलेल्या वस्तू परत करणार की विकणार, रेकॉर्डिंगवरच्या अटी पाळणार का. उत्तरं दानपत्रात लिहून घ्या. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत, आणि स्कॅनची प्रत्येक फाइल एकदा उघडून पाहिल्याशिवाय, मूळ वस्तू घरातून हलवू नका.